पक्षीगृहातला फेझंट संग्रहालयात देताना

सकाळी दाणे टाकायला जावे आणि बसायच्या दांडीखाली एखादा नर पाय ताठ करून पडलेला दिसावा, हे फेझंट (कोंबडीच्या कुळातले, लांब शेपटीचे रंगीत पक्षी) पाळणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी येते. सहा-सात वर्षे ज्याला रोज पाहिले, त्याला खड्डा खणून पुरायचे आणि गप्प बसायचे, असेच बहुतेक जण करतात. याला दुसरी वाटही आहे. तोच पक्षी एखाद्या निसर्गेतिहास संग्रहालयात अभ्यासाचा नमुना म्हणून शंभर-दोनशे वर्षे टिकू शकतो. त्यासाठी पहिल्या काही तासांत काय करायचे, हे मात्र आधीपासून ठाऊक हवे. मी बरीच वर्षे संग्रहालयाच्या कातडी काढण्याच्या टेबलावर काम केले आहे. खासगी पक्षीगृहांतून आलेले फेझंट त्यात पुष्कळ होते, आणि त्यातले कितीतरी पक्षी थोडक्या माहितीअभावी अर्ध्या किमतीचे झालेले मी पाहिले. नव्याने पक्षी देणाऱ्यांसाठी आणि असे पक्षी पहिल्यांदाच हाताळणाऱ्या स्वयंसेवकांसाठी हे लिहीत आहे.

पाळलेल्या पक्ष्याचा काय उपयोग?

हा प्रश्न रास्त आहे. रानात गोळा केलेला नमुना सांगतो की अमुक जात अमुक डोंगरात, अमुक तारखेला होती. पक्षीगृहातला पक्षी ते सांगू शकत नाही. त्याच्याबद्दल जे ठाऊक असते, ते मात्र रानातल्या पक्ष्याबद्दल कधीच कळत नाही: नेमके वय, आई-बाप, खाणे, आजार, दरवर्षी पिसे केव्हा झडली, पहिल्या वर्षी अंगावर कोणता रंग होता. पिंजऱ्यात उपजलेला आणि पायातल्या कड्याने ओळखता येणारा पक्षी म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेले गणित. रानातल्या अनोळखी नमुन्यांचे वय आणि लिंग ओळखायच्या रीती अशाच पक्ष्यांवर पडताळून पाहता येतात.

एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. फ्रेंच पक्षीतज्ज्ञ जाँ देलाकूर यांनी 1923 मध्ये व्हिएतनाममधून एका गडद निळ्या फेझंटची जिवंत जोडी फ्रान्सला, नॉर्मंडीतल्या क्लेअर इथल्या आपल्या पक्षीगृहात आणली. पुढच्या वर्षी त्यांनी आणि त्यांचे सहकारी जाबुई यांनी तिचे ‘इम्पीरियल फेझंट’ म्हणून नवी जात असे वर्णन केले. पुढे कित्येक दशके ती जगातल्या अतिदुर्मीळ पक्ष्यांत गणली गेली. जुने नमुने तपासून, डीएनए पाहून आणि पक्षीगृहात मुद्दाम संकर घडवून 2003 मध्ये सिद्ध झाले की ही वेगळी जात नव्हे, हा सिल्व्हर फेझंट आणि एडवर्ड्स फेझंट यांचा संकर आहे. त्या पक्ष्यांची कातडी कुणी जपली नसती तर हा गुंता सुटणे फार अवघड झाले असते.

एडवर्ड्स फेझंटची गोष्ट आणखी जवळची. तोही व्हिएतनामचा. रानात त्याची खात्रीलायक नोंद 2000 सालानंतर झालेली नाही, आणि आज जगभर जे पक्षी आहेत ते पक्षीगृहांत आणि प्राणिसंग्रहालयांत आहेत. त्याच्यासारखाच, पण शेपटीत पांढरी पिसे असलेला ‘व्हिएतनाम फेझंट’ 1975 मध्ये वेगळी जात म्हणून नोंदला गेला. पुढे पक्षीगृहांतल्या शुद्ध एडवर्ड्स पक्ष्यांच्या शेपटीतही अधूनमधून पांढरी पिसे उगवलेली दिसली, जवळच्या नात्यातल्या प्रजननातून. आज पांढऱ्या पिसांचा तो पक्षी एडवर्ड्सचेच रूप मानला जातो. ज्यांनी वर्षानुवर्षे वहीत ‘याच्या शेपटीत यंदा एक पांढरे पीस आले’ असे लिहून ठेवले, त्यांच्या नोंदींचे मोल यावरून लक्षात यावे.

तयारी पक्षी जिवंत असतानाच

संग्रहालयाशी बोलणे पक्षी मरायच्या आधी करा. प्रत्येक संग्रहालय पाळलेला पक्षी घेतेच असे नाही. कपाटे भरलेली असतात, माणसे थोडी असतात. साधा गोल्डन फेझंट त्यांच्याकडे दहा असतील, पण वय आणि वंशावळ माहीत असलेला एकही नसेल. म्हणून फोन करताना ‘माझ्याकडे एक सुंदर पक्षी आहे’ असे सांगू नका. ‘माझ्याकडे कडे घातलेला, वंशावळ माहीत असलेला, नऊ वर्षांचा नर आहे आणि त्याच्या नोंदी आहेत’ असे सांगा. संग्रहाचा अभिरक्षक लगेच कान टवकारतो. कोणत्या स्वरूपात पक्षी हवा, कोणती कागदपत्रे हवीत, तुमच्या फ्रीझरमध्ये किती दिवस ठेवला तर चालेल, हे त्याच बोलण्यात विचारून घ्या.

पिल्लू लहान असतानाच पायात बंद कडे घाला. बंद कडे फक्त पहिल्या काही आठवड्यांत पंजावरून सरकते. त्यामुळे पक्षी पिंजऱ्यातच वाढल्याचा तो चांगला पुरावा ठरतो. वहीत प्रत्येक कड्याच्या क्रमांकापुढे अंड्यातून बाहेर आल्याची तारीख, आई-बापांचे क्रमांक, पक्षी विकत आणला असेल तर कुणाकडून आणि केव्हा, हे लिहा. दुर्मीळ जातींची आंतरराष्ट्रीय वंशावळ-वही ठेवलेली असते. तुमचा पक्षी तिच्यात असेल तर तो क्रमांकही लिहा. खाणे बदलले की तेही टिपा, कारण अनेक पक्ष्यांत पिसांचा लाल-पिवळा रंग काही प्रमाणात खाण्यावर ठरतो आणि पिसांतल्या रासायनिक खुणांवरून आहार ओळखू पाहणाऱ्यांना ‘हा पक्षी हेच खात होता’ अशी खात्रीची नोंद क्वचितच मिळते.

दरवर्षी झडलेली शेपटीची मधली पिसे उचलून, कड्याचा क्रमांक आणि वर्ष लिहून कागदी पाकिटात ठेवण्याची सवय लावा. पक्षी गेल्यावर त्याच्या कातडीबरोबर सात वर्षांची सात पाकिटे दिली तर अभ्यासकाच्या हाती एकाच पक्ष्याचे सारे आयुष्य येते.

पहिला तास

हातमोजे घाला, मास्क लावा. एकाच वेळी दोन-तीन पक्षी मेले असतील, किंवा आदल्या दिवशी ठणठणीत असलेला पक्षी अचानक गेला असेल, तर संग्रहालयाचा विचार बाजूला ठेवा आणि आधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा. बर्ड फ्लू फेझंटना होतो आणि माणसालाही होऊ शकतो. असा पक्षी फ्रीझरमध्ये कोंबून ठेवणे किंवा पिशवीत घालून बसने नेणे धोक्याचे आहे. मृत्यूचे कारण शोधण्यासाठी शवविच्छेदन करायचे ठरले, तर पशुवैद्यांना आधीच सांगा की पोटाच्या मध्यावर सरळ एकच चीर द्यावी, मान आणि कवटी शक्यतो कापू नये, आणि पक्षी फॉर्मॅलिनमध्ये बुडवू नये. फॉर्मॅलिनने डीएनए खराब होतो. पक्ष्याला इंजेक्शन देऊन शांतपणे मारावे लागले असेल, तर औषधाचे नाव लिहून ठेवा. त्यासाठी वापरले जाणारे पेंटोबार्बिटल मांसात राहते. ते मांस कुत्र्या-मांजरांच्या तोंडी जाता कामा नये, आणि संग्रहालयात हाडे साफ करायला ठेवलेल्या भुंग्यांपुढेही नकळत जाता कामा नये.

साथीची शंका नसेल तर लगेच फोटो काढा. ही पायरी लोक हमखास विसरतात. फेझंटच्या चेहऱ्यावरची उघडी कातडी, ट्रॅगोपॅन या जातीच्या नराच्या गळ्याखालचे निळे-तांबडे पदर, डोळ्याच्या बुबुळाचा रंग, पायांचा रंग, यातले काहीच टिकत नाही. काही तासांत रंग मळकट होतो, आणि वाळल्यावर लाल चेहरा तपकिरी-काळा दिसतो. दिवसाच्या उजेडात, सावलीत, शेजारी रंगपट्टी किंवा निदान एक पांढरा कागद ठेवून फोटो काढा: डोके दोन्ही बाजूंनी, पाय, पसरलेला पंख, शेपटी वरून आणि खालून. बुबुळाचा रंग शब्दांतही लिहा.

मग वजन करा. ताज्या पक्ष्याचे वजन नंतर पुन्हा मिळत नाही.

चोचीतून आणि शेपटाखालच्या भोकातून पाणी, रक्त गळते आणि पोटाची, छातीची पिसे माखतात. म्हणून दोन्हीकडे कापसाचे छोटे बोळे बसवा. जखमेतून रक्त येत असेल तर तिथेही कापूस लावा. रक्त लागलेली पिसे घासू नका, नुसती टिपून घ्या.

थंड करणे आणि गोठवणे

फेझंटचे अंग मोठे आणि पिसारा दाट, त्यामुळे आतली ऊब लवकर जात नाही. कुजायला सुरुवात पोटापासून होते. एकदा पोटाची कातडी हिरवट पडली की तिथली पिसे हाताला लागताच सुटतात आणि मग कितीही कौशल्य असले तरी चांगली कातडी निघत नाही. गरम पक्षी लगेच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका. आधी गार जागी, शक्य असेल तर फ्रिजमध्ये, उघडा ठेवून पूर्ण थंड होऊ द्या. एक-दोन दिवसांत संग्रहालयात पोचवता येणार असेल तर फ्रिजच पुरे. नाही तर गोठवा.

गोठवण्यापूर्वी पक्ष्याला नीट बसवा, कारण ज्या स्थितीत गोठेल त्याच स्थितीत महिनोन्‌महिने राहील. पंख अंगाला मिटवा, डोके एका बाजूला छातीवर वळवा म्हणजे तुरा दुमडणार नाही, पाय शेपटीच्या दिशेला सरळ करा. शेपटी वाकवून पिशवीत कोंबणे हा सर्वांत मोठा अपराध. रीव्हज फेझंटच्या नराची शेपटी दीड मीटरच्या पुढे जाते. पिसाचा कणा एकदा मोडला की तो सांधत नाही. शेपटीखाली पुठ्ठ्याची लांब पट्टी घाला, वर दुसरी पट्टी ठेवा आणि सुती पट्टीने सैल बांधा. घरच्या फ्रीझरमध्ये ती मावत नसेल तर संग्रहालयाला तसे सांगून त्यांचा आडवा फ्रीझर मागा. शेपटीची पिसे उपटून वेगळी देऊ नका. किती पिसे होती आणि कोणते कुठे होते, हेच कधी कधी जात ओळखायला लागते. ब्राऊन इयर्ड फेझंटच्या शेपटीत 22 पिसे असतात, ब्लू इयर्डच्या 24.

कागदात गुंडाळा, मग जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, हवा काढून, आणि वर दुसरी पिशवी. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या घरगुती फ्रीझरमध्ये पाय आणि चेहरा हळूहळू सुकतात, म्हणून काही महिन्यांच्या आत पक्षी पुढे पाठवा. एकदा गोठवलेला पक्षी वितळवून पुन्हा गोठवू नका.

चिठ्ठी पेन्सिलीने लिहा आणि पक्ष्याच्या पायाला बांधा. सुरुवातीच्या काळात मी पिशवीवर बाहेरून मार्करने लिहिले होते. फ्रीझरमधल्या ओलीने शाई पुसली आणि तीन फेझंट कोणत्या कड्याचे, कुणाकडून आलेले, हे कायमचे गेले. दोन पक्ष्यांच्या पायांत कडेही नव्हते. आजही त्या कपाटाजवळ गेले की ते तीन पक्षी मला आठवतात. पेन्सिल पुसत नाही, पाण्याने नाही आणि अल्कोहोलनेही नाही.

कागदपत्रे

इथे घाई करू नका. मेलेला पक्षीसुद्धा कायद्याच्या दृष्टीने वन्यजीवच असू शकतो. आधी आपल्या देशाचा वन्यजीव कायदा पाहा. ती जात पाळायला परवाना लागत असेल तर मृत्यूची नोंद त्या परवान्यावर करावी लागते. संग्रहालयाला तुमच्याकडून सहीचे दानपत्र आणि पक्षी कायदेशीर मार्गाने तुमच्याकडे आल्याचा पुरावा, म्हणजे खरेदीची पावती किंवा प्रजननाची नोंद, हवी असते.

पक्षी दुसऱ्या देशातल्या संग्रहालयात द्यायचा असेल तर साइट्स करार (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधन घालणारा करार) आडवा येतो. 1975 पासून तो लागू आहे. हिमालयन मोनाल, चीर, एडवर्ड्स, स्विन्हो, मिकाडो, इलियट, ह्यूम, ब्राऊन इयर्ड हे सारे त्याच्या पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात आहेत. या जातींच्या एका पिसालाही सीमा ओलांडताना परवाना लागतो. नोंदणी असलेल्या शास्त्रीय संस्था एकमेकींना नमुने देताना थोडी सवलत असते, पण ती तुम्हाआम्हाला नाही. म्हणून पक्षी आपल्याच देशातल्या संग्रहालयाला द्यावा, पुढे परदेशी अभ्यासकाला हवा असेल तर संस्था संस्थेला देईल. परवान्यावर उगमाचे अक्षरही असते: ‘डब्ल्यू’ म्हणजे रानातला, ‘सी’ म्हणजे कराराच्या व्याख्येनुसार पिंजऱ्यात पैदा झालेला, ‘एफ’ म्हणजे पिंजऱ्यात जन्मला खरा पण त्या व्याख्येत पूर्ण बसत नाही असा. तुमची वही नीट असेल तर हे अक्षर ठरवताना अडचण येत नाही.

टेबलावर: नव्या स्वयंसेवकासाठी

पेंढा भरून, काचेचे डोळे लावून, झाडावर बसवलेला पक्षी लोकांना पाहायला छान. अभ्यासाला हवी असते ती साधी ‘स्टडी स्किन’: पाठीवर आडवी झोपलेली, पंख मिटलेली, आत कापूस भरलेली, पायाला चिठ्ठी बांधलेली कातडी. ती खणात मावते, हाताळता येते, मोजता येते. हात बसण्यासाठी पहिले दोन-चार पक्षी साध्या, सर्रास मिळणाऱ्या रिंगनेक फेझंटचे घ्या. दुर्मीळ पक्ष्यावर शिकू नका.

फ्रिजमध्ये एक-दोन दिवस सावकाश वितळू द्या. मग पंख, शेपटी, पायाची नळी आणि चोच मोजा. पंखाचे टोक लहानपणीच कापलेले आहे का ते पाहा. पाळलेल्या पक्ष्यांत हे वरचेवर आढळते, आणि मग त्या बाजूच्या पंखाचे माप निरर्थक ठरते. कोणता पंख कापलेला आहे तेही लिहा.

फेझंटची कातडी पातळ, आणि पाठीच्या खालच्या भागातली पिसे तर नुसत्या ओढीने हातात येतात. जिवंतपणी शिकाऱ्याच्या तोंडी पिसे देऊन निसटायची ही त्यांची युक्ती आहे, आणि मेल्यावर ती आपल्याला नडते. म्हणून कातडी कधीही ओढू नका, मांस कातडीपासून ढकला. छातीच्या हाडाच्या टोकापासून खाली एकच चीर द्या, दोन्ही बाजूंना मक्याचे पीठ किंवा बारीक लाकडी भुसा भुरभुरवत राहा म्हणजे ओल पिसांपर्यंत जाणार नाही. गुडघ्याशी पाय सोडवा, शेपटीचे शेवटचे हाड पिसांच्या मुळांसकट कातडीत ठेवा, मग कातडी मोज्यासारखी उलटी करत पंखांपर्यंत आणि मानेवरून डोक्यापर्यंत न्या. कानाची आणि पापणीची कातडी फाटू देऊ नका. डोके मानेतून निघत नसेल तर जबरदस्ती करू नका, डोक्याच्या मागे दुसरी छोटी चीर द्या आणि नंतर शिवा.

आता पाळलेल्या पक्ष्याची खास डोकेदुखी: चरबी. रानातल्या फेझंटपेक्षा पक्षीगृहातला पक्षी खातो जास्त आणि उडतो कमी. कातडीच्या आत पिवळ्या चरबीचा थर असतो, विशेषतः शेपटीजवळ आणि छातीच्या कडेला. ती तशीच राहिली तर काही वर्षांत हवेशी संयोग होऊन कडक, आम्लयुक्त होते, कातडी पिवळी पडून तडकते, चिठ्ठीही तेलकट होऊन वाचता येईनाशी होते. जुन्या संग्रहातले पाळीव फेझंट बहुतेक याच कारणाने वाया गेलेले मी पाहिले आहेत. बोथट सुरीने, कात्रीने, धीर धरून सारी चरबी खरवडा. मग भांडी धुवायच्या सौम्य द्रव साबणाने कोमट पाण्यात कातडी धुवा, साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळा, टॉवेलने टिपा आणि थंड वाऱ्यावर पिसे हलवत सुकवा. पिसे पुन्हा फुललेली पाहिल्यावर जो आनंद होतो तो शब्दांत सांगता येत नाही. आतल्या बाजूला टाकणखार (बोरॅक्स) लावणे पुष्कळ ठिकाणी चालते, काही संग्रहालये तेही टाळतात, तेव्हा विचारून घ्या.

कातडी बाजूला ठेवली की शरीर फेकू नका. छातीच्या स्नायूचा आणि यकृताचा छोटा तुकडा घेऊन तीव्र अल्कोहोलमध्ये किंवा अतिशीत फ्रीझरमध्ये ठेवा. त्या बाटलीवर कातडीचाच क्रमांक असला पाहिजे. हाडांचा सांगाडाही ठेवण्यासारखा असतो.

मग पोट उघडून लिंग पाहा, पिसाऱ्यावर कधीच विसंबू नका. मादी फेझंटचे सहसा डावे अंडाशयच वाढलेले असते. म्हातारपणी किंवा आजाराने ते निकामी झाले की पुढच्या पीसगळीनंतर मादी नराचा पिसारा धारण करते. नराचे रंग मुळातलेच, मादीचे संप्रेरक ते दाबून ठेवत असते. 1780 मध्येच जॉन हंटर या शल्यविशारदांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे अशा फेझंट माद्यांचे वर्णन केले होते. रानात मादी इतकी म्हातारी क्वचितच होते, पक्षीगृहात होते. म्हणून नरासारख्या दिसणाऱ्या या माद्या पाळलेल्या पक्ष्यांतच जास्त सापडतात, आणि अंडाशय न पाहता ‘नर’ लिहिले की ही मोलाची गोष्ट नाहीशी होते. वृषणाची लांबी-रुंदी किंवा अंडाशयाची अवस्था चिठ्ठीवर लिहा, शक्य तर रेखाटन करा. अंडनलिका कधी काळी वापरात होती का, तेही पाहा.

शेवटी काडीवर कापूस गुंडाळून शरीर बनवा. मूळ धडापेक्षा ते थोडे सडसडीत असावे. डोळ्यांत कापूस, चीर शिवलेली, चोच बांधलेली, पाय एकमेकांवर. शेपटीला सुकेपर्यंत पुठ्ठ्याचा आधार द्या. फेझंट पूर्ण सुकायला काही आठवडे लागतात.

चिठ्ठीवर काय लिहायचे

माझ्या मते सगळ्या कामातली ही सर्वांत महत्त्वाची पायरी. 1871 मध्ये लंडनमध्ये टोप्या सजवण्यासाठी आलेल्या पिसांत आर्गस फेझंटच्या पंखातल्या एका पिसाचा तुकडा सापडला. नेहमीच्या आर्गसपेक्षा त्यावरची नक्षी वेगळी होती. तेवढ्या एका पिसावरून ‘दुहेरी पट्ट्यांचा आर्गस’ ही जात वर्णन झाली. ते पीस कुठून आले हे कुणालाच ठाऊक नव्हते. तसा पक्षी पुन्हा कधी दिसला नाही. शंभरहून अधिक वर्षे वाद चालला, आणि आज ते नेहमीच्या आर्गसचे विकृत पीस मानले जाते. कुणी एक ओळ लिहून ठेवली असती तर!

पाळलेल्या पक्ष्याच्या चिठ्ठीवर पहिला शब्द हवा ‘पाळीव’ किंवा ‘पक्षीगृहात वाढलेला’. ठिकाणाच्या जागी पक्षी जिथे मेला ते ठिकाण लिहा. ‘चीन’ किंवा ‘तैवान’ लिहू नका, भले ती जात तिथली असो. जुन्या संग्रहांत असे कितीतरी गोल्डन फेझंट ‘चीन’ या एका शब्दावर पडून आहेत. त्यातला कोणता चीनमधल्या डोंगरातून आला आणि कोणता युरोपातल्या कुणाच्या बागेतून, हे आता सांगता येत नाही. मृत्यूची तारीख, जन्मतारीख, कड्याचा क्रमांक आणि रंग, आई-बापांचे क्रमांक, पैदास करणाऱ्याचे नाव (त्याची संमती घेऊन), ताजे वजन, बुबुळ, चेहरा आणि पाय यांचा रंग, मृत्यूचे कारण, आहार, लिंग आणि ते कशावरून ठरवले, तयार करणाऱ्याचे नाव. चिठ्ठीवर मावेल तेवढे चिठ्ठीवर, बाकीचे वहीत. पायातले कडे काढू नका. मूळ वहीची प्रत संग्रहालयाला द्या, मूळ वही देता आली तर आणखी उत्तम.

संकराची शंका असेल तर लपवू नका. पैदास करणाऱ्यांना याची लाज वाटते, पण संग्रहालयाला शंका लिहिलेला संकर हवाहवासा असतो. शुद्ध म्हणून लिहिलेला संकर मात्र अभ्यासकाला चुकीच्या वाटेने नेतो. लेडी ॲमहर्स्ट आणि गोल्डन यांचा संकर सर्रास होतो आणि त्यांची पिल्ले पुढे वंश चालवतात, त्यामुळे दिसायला ॲमहर्स्ट असलेला पक्षी तीन पिढ्यांमागे गोल्डन असू शकतो. शुद्ध ॲमहर्स्ट नराचे पाय निळसर-करडे, पोट स्वच्छ पांढरे, माथा हिरवट आणि तुरा लाल. पाय पिवळसर दिसले, पोटावर लाल पीस दिसले किंवा तुऱ्याचा लाल रंग माथ्यावर पुढपर्यंत पसरला, की गोल्डनचे रक्त आहे असे समजा. माद्या ओळखणे याहून कठीण, तिथे पायांच्या रंगाचा आधार होतो, आणि म्हणूनच पायांचा फोटो ताजेपणी हवा. पिवळा गोल्डन, काळसर रिंगनेक अशा पिंजऱ्यातच जोपासलेल्या रंगजातीही ‘रंगजात’ म्हणूनच लिहा.

पिंजऱ्याच्या खुणाही नोंदवा: जाळीवर घासून झिजलेली शेपटीची टोके, वाढलेली चोच, लांब नखे, तळपायाची सूज. पुढे चिठ्ठी हरवली तर याच खुणांवरून कुणी तरी ओळखेल की हा पक्षी पाळलेला होता.

वारशाने आलेला जुना पेंढा भरलेला पक्षी

आजोबांच्या दिवाणखान्यातला काचपेटीतला मोनाल किंवा सिल्व्हर फेझंट द्यायचा असेल तर आधी एक जपा: त्यात विष असण्याची दाट शक्यता आहे. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये बेकूर या औषधविक्रेत्यांनी सोमलाचा (आर्सेनिकचा) साबण शोधला आणि नंतर जवळजवळ दोनशे वर्षे पक्ष्यांच्या कातड्यांना तो चोळला गेला. रसकापूर (पाऱ्याचा विषारी क्षार) आणि डीडीटी हे कीटकनाशकही वापरले गेले. उघड्या हाताने हात लावू नका, फडक्याने धूळ झटकू नका, मुलांना जवळ येऊ देऊ नका. नायट्राइल हातमोजे घालून पक्षी पेटीसकट नीट बांधा आणि पिशवीवर ‘सोमल असण्याची शक्यता’ असे ठळक लिहा. पाटीवरचे, पेटीच्या मागचे, लाकडावरचे एकही अक्षर फाडू किंवा खोडू नका. पेटी जुनाट वाटली तरी तयार करणाऱ्याच्या दुकानाची चिठ्ठी मागे असू शकते, आणि तिच्यावरून काळ ठरतो.

संग्रहालयात आल्यावर असा पक्षी इतर नमुन्यांजवळ नेण्याआधी उणे 20 अंशांवर किमान दोन आठवडे ठेवतात, कारण कसर लागली की एका पक्ष्यापुरती थांबत नाही, अख्खे कपाट पोखरते. घरी ठेवलेली कातडी असेल तर घट्ट बंद पेटी, अंधार, कोरडी जागा आणि दर दोन-तीन महिन्यांनी तपासणी हवी. पक्ष्याखाली तपकिरी भुकटी किंवा किड्यांच्या रिकाम्या साली दिसल्या तर त्याच दिवशी पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका. डांबरगोळ्यांवर भरवसा ठेवू नका, त्यांचा वास माणसाला बाधतो आणि कसर त्यांना फारशी जुमानत नाही. ऊन तर अजिबात नको. गोल्डन फेझंटच्या तुऱ्याचा सोनेरी रंग खिडकीतल्या उन्हाने फिका पडतो आणि पुन्हा येत नाही.

पक्षी सुपुर्द करताना संग्रहालयाकडून नोंदणी क्रमांक लिहून घ्या आणि तो आपल्या वहीत त्या कड्याच्या क्रमांकापुढे लिहा. पुढे त्या पक्ष्याचा भाऊ, बहीण किंवा पिल्लू गेले की त्याच्या चिठ्ठीवर आधीच्याचा नोंदणी क्रमांक लिहून पाठवता येईल, आणि एकाच कुटुंबातले पक्षी एका खणात शेजारी शेजारी राहतील.